कळलावी दारात लावायची का?

श्रावण उतरणीला लागला की कोकणातल्या गडग्यांवर, घाटातल्या करवंदीच्या जाळ्यांवर कळलावी फुलते. लाल-पिवळ्या, नागमोडी कडांच्या पाकळ्या वर वळलेल्या. हिरव्या जाळीत कुणी जागोजागी पलिते खोचून ठेवलेत असं वाटतं. कुणी तिला अग्निशिखा म्हणतं, कुणी खड्यानाग. हल्ली ती ‘ग्लोरिओसा लिली’ होऊन घरपोचही येते. पाकिटात कंद, वर फुलाचा झकास फोटो, खाली ‘भरपूर ऊन, मध्यम पाणी’. मी पाहिलेल्या पाकिटांवर विषाबद्दल अक्षरही नव्हतं. आणि कळलावी मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहे.

आईबाबांनो, म्हणून आज हे बोलायला बसले आहे. मला दोन प्रश्न हमखास येतात. एक शहरातल्या गच्चीवरून: ‘ताई, कंद मागवलाय, घरात तीन वर्षांची मुलगी आहे, लावू ना?’ दुसरा गावाकडून: ‘आमच्या परसातल्या कुंपणावर आपोआप उगवलीय, मुलं दिवसभर तिथेच असतात, उपटून टाकू?’ पहिलीला मी सांगते, आत्ता नको. दुसरीला सांगते, उपटायचं की नाही ते मुलांच्या वयावर ठरवू, पण आधी मुलांना ती दाखव.

दाखवायची म्हणजे आधी आपल्याला ओळखता यायला हवी. पहिल्या पावसानंतर जमिनीतून कोंब वर येतो. वेल खरी, पण खोडाने वेढे घेत चढत नाही. चढायचं काम पानं करतात. पानाचं टोक लांबत जातं आणि शेवटाला बारीक वेटोळं घेतं. शेजारची काटकी, तार, दुसऱ्या झाडाचं पान, जे सापडेल ते धरून ठेवतं. कळी मान खाली घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या फिरून आभाळाकडे वळतात आणि पुंकेसर चहूबाजूंना पसरतात. सुरुवातीला पाकळ्या हिरवट-पिवळ्या, मग बुडाशी पिवळ्या नि टोकाला तांबड्या, शेवटी पूर्ण लाल. या सगळ्या अवस्था एकाच वेलीवर एकाच वेळी दिसतात, त्यामुळे मुलांना वाटतं की ही वेगवेगळी फुलं आहेत. फुलाच्या मधोमध बघा: स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघालेली असते. ही खूण एकदा बोटाने दाखवली की मूल हे फूल विसरत नाही.

पावसाळा सरला की शेंगा धरतात, वाळून उकलतात आणि आत नारिंगी-लाल बिया ओळीने बसलेल्या दिसतात. लहान मुलांच्या घरात मला फुलापेक्षा या बियांची धास्ती वाटते. फूल मूल हातात घेतं, बी तोंडात टाकतं. जमिनीखाली असतो मांसल कंद, फिक्या तपकिरी सालीचा, दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा. आयुर्वेदात हिचं नाव लांगली, आणि गणना उपविषांत. विष सगळ्या अंगात असलं तरी कंदात आणि बियांत सर्वांत जास्त.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. कळलावी घरात आणली की घरात भांडणं लागतात, असं सांगून त्यांनी तिचा बंदोबस्त करून टाकला होता. (त्याच कोकणात काही घरी गौरीच्या सणाला तेरड्याच्या जोडीने हीच फुलं मानाने आत येतात, ही गोष्ट वेगळी. देवीला सूट असावी.) त्या सांगण्याने बरीच वर्षं आपलं काम चोख केलं. वेल गडग्यावर राहिली, अंगणात आली नाही. पण कुरिअरवाला आजीला विचारून कंद आणत नाही. शिवाय आजचं मूल ‘का?’ विचारतं, आणि उत्तर खोटं निघालं तर आपल्या बाकीच्या बजावण्याही त्याच रांगेत टाकतं. भांडण होतं की नाही हे पाहायला एखादं पोर मुद्दाम फूल उशीखाली ठेवेल. भांडण होत नाही. किंवा घर नेहमीचंच असेल तर होतं, आणि मग दोष फुलावर जातो! दोन्ही वेळा खरी गोष्ट कळायची राहते.

खरी गोष्ट अशी. या विषाचं नाव कोल्चिसीन. युरोपात कोल्चिकम नावाचं एक कंदफूल आहे, कळलावीच्याच कुळातलं, शरद ऋतूत फुलणारं. त्याच्यापासून १८२० साली पेल्तिए आणि काव्हाँतू या दोघा फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी हे द्रव्य वेगळं काढलं. आज ते औषधही आहे. गाउट नावाच्या, सांधे सुजवणाऱ्या दुखण्यावर डॉक्टर त्याच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात. घरात आजोबांना या गोळ्या चालू असतील तर हा लेख त्यांच्या औषधाच्या डब्यालाही लागू आहे. मुलाच्या दृष्टीने उशाशी पडलेली ती पट्टी आणि बागेतला कंद यांत फरक नाही.

शरीरातल्या पेशी सतत दुभंगून नव्या होत असतात. दुभंगताना पेशीच्या आत बारीक तंतूंची एक चौकट उभी राहते. कोल्चिसीन ती चौकट उभीच राहू देत नाही. त्यामुळे जिथे पेशी सर्वांत भराभर बनतात, तिथे पहिला घाव बसतो. आतड्याचं अस्तर हे त्यातलं पहिलं ठिकाण, म्हणून काही तासांनी उलट्या, पोटात कळा, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. त्यानंतर हाडांमधला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात. हृदय, मूत्रपिंड, यकृत एकेक करून कोलमडू शकतं. जो वाचतो त्याचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात आणि पुन्हा येतात.

यातली सर्वांत फसवी बाब म्हणजे उशीर. खाल्ल्या-खाल्ल्या काहीच होत नाही. मूल खेळत असतं, जेवतं, झोपतंही. मग उलट्या होतात आणि घरचे म्हणतात, बाहेरचं काही खाल्लं असेल. जुलाब थोडे ओसरले की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमका तेव्हाच आत रक्तावर परिणाम सुरू झालेला असतो. शिजवल्याने हे विष जात नाही. रुग्णालयात सहज मिळेल असा त्यावर उताराही नाही. डॉक्टर रुग्णाला सांभाळत नेतात आणि शरीराला सावरायला वेळ मिळवून देतात. म्हणून लवकर पोचणं याला इतकी किंमत आहे.

आता बऱ्याच आईबाबांना पटत नाही असा मुद्दा. कळलावीच्या विषबाधेच्या ज्या हकिगती वैद्यकीय नियतकालिकांत येतात, त्यांत फूल चघळणाऱ्या पोरांपेक्षा कंद शिजवून खाणारी मोठी माणसं जास्त भेटतात. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात रताळं किंवा रानकंद समजून लोकांनी तो उकडून खाल्ला आहे. युरोपात कोल्चिकमचंही तेच. त्याची जांभळट-गुलाबी फुलं शरदात पानांशिवाय जमिनीतून थेट वर येतात. पानं येतात वसंतात. त्याच सुमारास जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधले लोक जंगलात रानलसणाची पानं खुडायला जातात, आणि त्यांत कोल्चिकमची पानं मिसळून जातात. वास घेऊन पाहावा म्हटलं तर हातालाच लसणाचा वास लागलेला. तुमची लेक-जावई तिकडे असतील, नातवंडं घेऊन रविवारी रानात जात असतील, तर त्यांना एवढं नक्की कळवा.

आपल्याकडे ही चूक कुठे होऊ शकते? कार्तिकी एकादशीच्या आसपास कळलावीची वेल वाळायला लागते, आणि त्याच दिवसांत घरात उपासाची रताळी येतात. कुणी हौशीने कुंडी उपसून कंद काढला, मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ‘नंतर बघू’ म्हणून कांदे-बटाट्याच्या टोपलीशेजारी ठेवला, तर पुढचं मी सांगायला नको. कामाला येणाऱ्या बाईंना तुमच्या बागेचा नकाशा ठाऊक नसतो. तेव्हा मुलाला दटावण्याआधी आपलं स्वयंपाकघर तपासा.

मुलांशी बोलायचं कसं? दोन-तीन वर्षांच्या मुलाशी बोलून काही साधत नाही, हे आधी मान्य करू. ते ऐकतं, मान डोलावतं आणि बी तोंडात टाकतं. त्या वयात झाड दूर ठेवणं एवढाच उपाय. चार-पाच वर्षांच्या मुलाला एकच नियम पुरतो: घरच्या मोठ्यांना दाखवल्याशिवाय झाडाचं काही तोंडात घालायचं नाही. तो कळलावीपुरता न ठेवता सगळ्या झाडांना लावा. आपल्या आवारात बिट्टी असते, तिच्या बियांनी तर कित्येक पिढ्या खेळल्या. गुंज असते, एरंड असतो, धोतरा असतो. फ्लॅटच्या कोपऱ्यात डिफेनबेकियाची कुंडी असते. प्रत्येकासाठी वेगळी भीती घालत बसलात तर मुलाच्या डोक्यात नुसता गोंधळ उरेल.

सात-आठच्या पुढे मात्र सगळं सांगा, पेशी आणि तंतूंसकट. या वयाच्या मुलांना विषाचं भारी आकर्षण असतं, आणि मला त्यात वावगं काही दिसत नाही. ती विचारतील, ‘हात लावला तर मरतो का?’ नाही. फुलाला हात लागल्याने विष चढत नाही, पण कंदाच्या रसाने कातडीची आग होऊ शकते, म्हणून कंदाला उघडा हात नको, आणि फूल हाताळलं की हात साबणाने धुवायचे. मग कुणीतरी पान उलटून बघेल आणि ओरडेल, ‘ताई, हे बघा, अळी खातेय!’

ती अळी मुद्दाम दाखवण्यासारखी आहे. काळी, अंगभर पांढरे ठिपके आणि मधे लाल खुणा; लपायचा प्रयत्नसुद्धा न करता पानाच्या कडेवर ऐटीत बसलेली. पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाची ही अळी. कळलावीवर आणि लिलीच्या जातीतल्या इतर झाडांवर ती पोसते. पावसाळ्यात कळलावीचं पान कुरतडलेलं दिसलं की बहुधा हिचंच काम. मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ती का मरत नाही?’ इथे थांबा आणि हे नीट सांगा, कारण मुलांनीच काय, मोठ्यांनीही एक चुकीचा समज धरून ठेवलेला असतो, की पाखरांनी-किड्यांनी खाल्लं ते आपल्याला चालतं. या अळीचं शरीर त्या विषासकट जगायला सरावलेलं आहे, आपलं नाही. रानात गेल्यावर पक्ष्याने टोचलेलं अनोळखी फळ बघून तुमचं मूल हात मागे घेईल, तर ते या अळीमुळे.

गोष्टच सांगायची तर ही सांगा. १९४७ साली तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, शाळकरी मुलांनी राजकन्या एलिझाबेथला तिच्या एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला. कळलावी हे झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल, तामिळनाडूचं राज्यफूल. तामिळनाडूत तर बियांसाठी तिची शेती होते, कारण औषधकंपन्यांना कोल्चिसीन हवं असतं. गाउटवाल्या आजोबांच्या गोळीचा माग काढत गेलं तर तो तिथल्या एखाद्या शेतापर्यंतही पोचू शकतो. मुलांना हे फार आवडतं.

गौरीच्या फुलांचं थोडं वेगळ्याने सांगते. फुलं तोडायला मुलांना बरोबर जरूर न्या, पण कळलावी मोठ्यांनी कापावी आणि वेगळ्या परडीत घ्यावी. नैवेद्याच्या ताटाजवळ ती नको. आणि निर्माल्य गुरांपुढे टाकू नका. गाई-म्हशी, शेळ्या यांनाही हे विष बाधतं.

मुलं मोठी आहेत, हौस आहे, तर जरूर लावा. मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला, निचरा होणाऱ्या मातीत, कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती. फाट्याच्या टोकाशी कोंब असतो, तो फार नाजूक. मोडला तर तिथून पुन्हा फुटत नाही. हातात रबरी मोजे. वेलीला चढायला काटक्या किंवा जाळी. कुंडी उंचावर, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘विषारी’ असं लिहिलेलं. पाहुणे येतात, त्यांची मुलं येतात. फूल कोमेजायला लागलं की लगेच कापून टाका, शेंग धरूच देऊ नका. बियांचा प्रश्न तिथेच मिटतो. डिसेंबरपर्यंत वेल वाळली की पाणी बंद करा आणि कंद त्याच कुंडीत राहू द्या. काढायचाच झाला तर नाव लिहिलेल्या डब्यात, कुलपात. आणि तो रोपवाटिकेतून घ्या, रानातला उपटून आणू नका. बाळंतपण, संधिवात, साप-विंचू यांवरचं घरगुती औषध म्हणून कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी कंद उगाळू नका. वैद्य तो शुद्ध करून, मोजून वापरतात. पाट्यावर मोजमाप नसतं.

एवढं करूनही मुलाने काही तोंडात घातलंच, किंवा घातल्याचा नुसता संशय आला, तर तोंडातले तुकडे बोटाने काढा, चूळ भरायला लावा आणि निघा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. आपल्याकडे हे फार होतं आणि त्याने अपायच होतो. किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा. झाडाचा तुकडा किंवा फोटो बरोबर घ्या आणि डॉक्टरांना ‘ग्लोरिओसा’ आणि ‘कोल्चिसीन’ हे दोन शब्द सांगा. नुसतं ‘कळलावी’ म्हटल्याने शहरातल्या तरुण डॉक्टरला बोध होईलच असं नाही. मूल ठणठणीत दिसतंय म्हणून घरी न्यायची घाई करू नका. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. त्याचा नि:शुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

एक बोलणं अवघड आहे, तरी बोलते. घरातलं वयात आलेलं मूल किंवा दुसरं कुणी काही दिवसांपासून मिटून बसलं असेल, जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर असा कंद, कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा हे सगळं आधी घराबाहेर काढा. मग त्याच्याजवळ बसा आणि त्याला सरळ, न रागावता विचारा. मदतीसाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आणि त्या गच्चीवरच्या आईला, जिने कंद आधीच मागवला आहे: मुलगी तीन वर्षांची आहे. हा कंद ज्यांच्या घरी लहान मूल नाही अशा कुणाला, सगळी माहिती सांगून, देऊन टाक. या पावसाळ्यात तिच्यासाठी तेरडा लाव, झेंडू लाव. ती आठ वर्षांची झाली की दोघी मिळून कळलावी लावा. कंद तेव्हाही मिळतील.